पिकअपला लागलेला हात

नवरा वारल्यापासून निंबाखाली गंजत पडलेली त्याची पिकअप पंचफुलाबाईनं पुन्हा उभी केली. उंदरांनी कुरतडलेल्या वायरी मेस्त्रीकडून बदलून घेतल्या, गंज आपल्या हातानं घासून काढला आन् गाडी चालवायलाही शिकली. दीर मल्हारी तेव्हा तोंड वाकडं करून म्हणायचा, "भंगारात घाला वहिनी!"

आज इंजिन धडधडलं तसा तोच मल्हारी नारळ घेऊन हजर! पंचफुलाबाई बॉनेटला कुंकू लावायला गेली, तर त्यानं आडवा हात घातला. "तुमी बाजूला व्हा. पूजेत विधवेचा हात नको, अपशकुन व्हतो." आन् त्यानं आपल्या बायकोला, मोहिनीला, पुढं केलं.

पंचफुलाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला, पण ती बाजूला सरली. मोहिनीनं मान खाली घालून कुंकू लावलं. नारळ फुटला. लगेच मल्हारी आपली बोकडं गाडीत चढवू लागला. त्याला कळमनुरीचा बाजार गाठायचा होता.

पंचफुलाबाई स्टेअरिंगवर जाऊन बसली आन् कडाडली, "उतरवा ती बोकडं!"

"काहून?"

"या गाडीच्या नटबोल्टाला विधवेचा हात लागलाय, भाऊजी. अपशकुन व्हईल. न्या हाकत पायी!"