फिरायच्या यादीतली उर्सुलाबाई

व्हिसा आला त्या दिवसापासून बार्शीटाकळीच्या पंजाबरावांचे पाय काही जमिनीवर नव्हते. साठी उलटलेला माणूस, जन्मभर वांगी-मेथी पिकवून अकोल्याच्या बाजारात नेली, आणि आता लेकीकडे जर्मनीला दोन महिने! डिसेंबर ते फेब्रुवारी. तोवर शेत धाकटा भाऊ गोवर्धन बघणार होता. "जा दादा, बिनघोर जा. तुह्यी मेथी मले सोडून कुठी पळून नाही जात," असं तो म्हणाला तेव्हा मनकर्णाबाईंना अगदी भरून आलं. असा दीर मिळायला नशीब लागतं.

लेक प्रतीक्षा तिकडे नर्स. चार वर्षं झाली. दोन महिन्यांत आईबाबांना कुठे कुठे फिरवायचं, याची यादी ती रोज व्हिडिओ कॉलवर करायची आणि पंजाबराव जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर उतरवून घ्यायचे. बर्फाचा डोंगर, तीन दिवस. जहाजांचं बंदर, दोन दिवस. पॅरिस, पाच.

"आन् तुले काय पाह्याचं आहे, माय?"

"उर्सुलाबाईले."

झालं! गेल्या पंधरा दिवसांत हे दहाव्यांदा. उर्सुलाबाई म्हणजे प्रतीक्षाची पहिल्या वर्षीची घरमालकीण. बर्फावर पाय घसरून पोरीचं हाड मोडलं, तेव्हा या म्हातारीने म्हणे रोज सूप करून घातलं. मनकर्णाबाईंना ठाऊक होतं ते एवढंच, आणि तेवढं पुरे होतं. परक्या मुलखात आपल्या पोरीच्या तोंडात घास घालणाऱ्या बाईला न भेटता परत यायचं, तर मग जायचं तरी कशाला?

प्रतीक्षा मात्र हा विषय निघाला की उडवाउडवी करी. आधी म्हणाली, थे आता भावाच्या खेड्यात राह्यते. मग म्हणाली, दोन गाड्या बदला लागतात. आज म्हणाली, "तिथं पाह्याले काहीच नाही, माय."

मनकर्णाबाईंचा पारा चढला. "अवं, दगडधोंडे पाह्याले मी विमानात बसून राहिली का? दगड तं आपल्या नाल्यातबी हायेत! खरं सांग, काहून नेत नाहीस?"

बघता बघता पडद्यावरच्या पोरीचे डोळे भरले.

"माय, माह्यं हाड नव्हतं मोडलं. न्यूमोनिया झाला होता. आयसीयूत होती मी. तवाच बाबाच्या हार्टचं ऑपरेशन अमरावतीले. तू तिथं दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून होतीस. तुले कसं सांगू? आन् उर्सुलाबाईले खोटं बोलता येत नाही. तुमी गेले की हातवारे करून का होईना, थे सारं सांगून देईन."

पंजाबरावांचा पेन हातातच राहिला.

"तापात मी सारखी 'माय वं, माय वं' करत होती. कोणाले बोलावून राहिली, हे तिले कोणी सांगा लागलं नाही. माह्या दर हाकेले थे 'हो' म्हणे आन् हात धरून बसे. घरी जा म्हटलं तं डॉक्टरशी भांडे."

मनकर्णाबाईंच्या काळजात आधी कळच उठली. माझी पोर मला हाका मारत होती आणि ओ दिली दुसरीने! लपवायचं कशाला, त्यांना त्या बाईचा हेवा वाटला. पण तो फार वेळ टिकला नाही. ओ द्यायला तिथे कोणी नसतंच तर? या विचाराने त्यांनी डोळ्यांना लावलेला पदर काही केल्या निघेना.

"माही बहीण होय थे," शेवटी त्या म्हणाल्या. "मागच्या जन्माची असन. संक्रांत कुठी टाकली तू?"

"पॅरिसले."

"पॅरिस खोडा हो तुमी. संक्रांत उर्सुलाबाईकडं. माह्या हातानं वाण देईन तिले."

पंजाबराव चाचरत म्हणाले, "अवं, पण तिचा मालक तं कवाच गेला ना? वाण सवाष्णीले देतात..."

"तुमी गप्प बसा!" मनकर्णाबाई कडाडल्या. "तुमी इकडं पडले होते, पोर तिकडं पडली होती. मी एकटी कुठी कुठी पुरली असती? तिनं माही पोर जगोली. तिले नाही तं कोणाले देऊ वाण?"

पंजाबरावांनी मुकाट्याने पॅरिसवर काट मारली. त्यांचेही डोळे काही कोरडे नव्हते. "किती दिवस लिहू?" त्यांनी विचारलं.

"एक दिवस पुरे," प्रतीक्षा नाक पुसत हसली. "लहानसं गाव आहे, बाबा."

"तू दवाखान्यात किती दिवस होतीस?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

"अकरा."

"मंग अकरा लिहा," त्या नवऱ्याला म्हणाल्या.