खिडकी उघडी असताना

श्रीशैलने कळ दाबली. पेटी गप्प. पुन्हा दाबली, आत टक्क वाजलं. तिसऱ्यांदा दाबली तर पुन्हा गप्प.

"रुसलंय जणू," आक्का म्हणाली.

आक्का त्याची थोरली बहीण; धाकटा भाऊ म्हणून त्याला ती तम्मा म्हणायची. आजऱ्याला तिचा काजूचा लहानसा कारखाना. तिथल्या ड्रायरची उष्णता सांभाळणारी पेटी श्रीशैलने राजारामपुरीतल्या घरी, जेवणाच्या टेबलावर बनवली होती. कागलच्या एमआयडीसीतली नोकरी संपल्यावरचं हे त्याचं पहिलंच काम. कळ दाबली की तारेतून एक अक्षर पेटीतल्या मायक्रोकंट्रोलरकडे, म्हणजे पेटी चालवणाऱ्या चिपकडे जायचं आणि टक्क वाजून उष्णता कमी व्हायची. अक्षर हरवलं, तर काजू करपणार. संध्याकाळच्या एसटीने आक्का परतणार होती. पेटी घेऊन, नाहीतर न घेता.

"तम्मा, खरं सांग. जमत नसंल तर तयार पेट्या मिळत्यात की."

श्रीशैलने पेटी उलटून पाहिली. तार बदलून झाली होती, कळाही बदलून झाल्या होत्या. पेटीला जोडलेल्या लॅपटॉपवर एक खिडकी उघडी होती. चिपमधल्या रजिस्टरांतले, म्हणजे तिच्या छोट्या कप्प्यांतले आकडे तिच्यात सतत दिसत. डोळ्यांनी बघितल्याशिवाय त्याला काही पटत नसे. घराचं कुलूपसुद्धा तो दोनदा ओढून बघायचा.

बॅटरी संपत आली म्हणून लॅपटॉप पेटीपासून सोडवून तो चार्ज करायला आतल्या खोलीत गेला. बाहेर आक्का कळ दाबत राहिली. टक्क. टक्क. टक्क.

"तू गेलास की चालतंय रं!"

तो धावत आला, लॅपटॉप जोडला. पेटी गप्प.

"पवित्रा, ह्यो आला की बंद पडतंय बघ!"

"आमच्या मिक्सरचंही तसंच आहे," स्वयंपाकघरातून त्याची बायको म्हणाली.

तो गोंधळून चिपचं माहितीपुस्तक घेऊन बसला. रजिस्टरांचं पान त्याने आधी वाचलं होतं, पण आपल्याला कळलं होतं का? मेमरीतला आकडा शंभरदा वाचला तरी तिथेच राहतो. रजिस्टरांनाही मेमरीसारखेच, त्याच रांगेतले पत्ते होते; म्हणून तीही तशीच असणार, असं त्याने धरलं होतं. गल्लीत एकाच रांगेत नंबर असले म्हणून प्रत्येक दाराआड घरच असतं का? बाहेरून आलेलं अक्षर ज्यात पडतं त्या रजिस्टरबद्दल तळाशी बारीक टाइपात लिहिलं होतं: हे रजिस्टर कुणीही वाचलं, की आतलं अक्षर उचललं गेलं असं चिप समजते आणि कप्पा रिकामा धरते.

आणि ती खिडकी त्याला आकडे दाखवायला प्रत्येक रजिस्टर सारखं वाचत होती. अक्षर यायचं, बहुतेकदा खिडकीच आधी वाचायची, चिपमधल्या प्रोग्रामच्या हाती काहीच नाही.

"आक्का, मी बघतो म्हणून हरवतंय."

"यंत्रालाबी नजर लागत्या व्हय?"

"नजर नव्हे गं, वाचणं." पण सांगताना त्याचाच गुंता झाला.

त्याने खिडकी बंद केली. आक्का कळ दाबत राहिली. दर वेळी टक्क. पण आत नेमकं काय चाललंय? बघावं तर हरवणार, न बघावं तर पटणार नाही.

"एकदाच, शेवटचं बघू?"

"न्हाय," म्हणत आक्काने पेटी पिशवीत घातली.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने फोन केला.

"चाललंय की," आक्का म्हणाली. "एकबी काजू करपला न्हाय."

"पेटीकडे बघत होतीस का?"

"पेटीकडं कशाला? मी काजू बघत हुते."

श्रीशैलने फोन ठेवला. हसावं की काय, त्याला समजेना. आपण बरोबर ऐकलं ना? त्याने पुन्हा फोन लावला.