छत्र्यांचे बावटे

मी एक जुनी शिलाई मशीन आहे, आणि आधीच बजावून ठेवते, मी टेबल होणार नाही.

मित्रांनो, माझा जन्म कारखान्यातला. श्रीवर्धनला मी आले ती माझ्या आताच्या मालकिणीच्या, म्हणजे आतिफाच्या, आईच्या हट्टामुळे. तिने माझ्यावर नववधूंचे गरारे शिवले, दुलया शिवल्या. "मशीन असावी तर अशी," लोक म्हणत. पुढे तयार कपड्यांची दुकाने आली आणि माझ्यावर इस्त्रीचे कपडे रचले जाऊ लागले. मग ते मोठे वादळ आले. छप्पर उडाले, खारे पाणी माझ्या पोटात शिरले. सगळ्यांनी मला भंगारात काढले. एकट्या आतिफाने माझा स्क्रू न् स्क्रू रॉकेलने घासून काढला.

या आतिफाला कशाचे वेड नाही ते विचारा. सुरूच्या झाडावर घरटे करणाऱ्या समुद्रगरुडाची चित्रे ती काढते. समुद्र किनारा खात चालला म्हणून तिची झोप उडते. शिवताना मोबाइलवर कोरियन मालिका लावते, आणि नायक रडला की हिचेही डोळे वाहतात. "एक ना धड, भाराभर चिंध्या," असे तिचा धाकटा भाऊ मुआज तिला चिडवतो. तो कुवेतहून परतला आणि त्याने किनाऱ्यावर कॅफे काढला. माझ्या लोखंडी पायांवर काच बसवून त्याला टेबल करायचे होते. पर्यटकांना म्हणे जुने आवडते. आवडते हो, पण चालते-बोलते जुने नको!

"यंदा बोटींचे बावटे शिवते," आतिफा त्याला म्हणाली. "ते जमले नाहीत, तर खुशाल ने."

पावसाळा सरला की मासेमारीला निघताना बोटींवर नवे बावटे चढतात. त्यांचे चमचमते कृत्रिम कापड वाऱ्याने विरते आणि त्याचे धागे समुद्रात जातात, हे आतिफाला सलत होते. म्हणून तिने जुन्या सुती ओढण्यांचे बावटे शिवले. दिसायला देखणे! पण समुद्रावर ते भिजले आणि काठीला चिकटून बसले.

बोट हाकणारा तांडेल शिवदास तणतणत आला. "आतिफाबाय, ह्यो बावटा हाय का पोतेरं? फडकतच न्हाय! लोकं हसतात माझ्या बोटीला."

मुआजने लगेच सुताराला निरोप धाडला. मी घाबरले, आणि त्याहून जास्त चिडले.

आतिफा डोक्याला हात लावून बसली होती. तेवढ्यात तिची नजर कोपऱ्यातल्या मोडक्या छत्रीवर गेली. छत्रीचे कापड पाणी धरत नाही! तिने आळीतल्या मोडक्या छत्र्या गोळा केल्या, फुलाफुलांच्या, चौकड्यांच्या. ते निसरडे कापड माझ्या दातांवरून सटके, सुई मोडे. "चल गं माझी बाय, हरायचं नाही," ती म्हणाली, आणि मी दात घट्ट रोवले. कडा दुमडून आम्ही दुहेरी टीप मारली, एकही धागा सुटणार नाही अशी. मधोमध समुद्रगरुड बसवला आणि त्याच्या डोळ्यांवर कोरियन नायकाचा काळा चष्मा.

शिवदासने तोंड वाकडे करत तो बावटा चढवला. वारा लागला आणि असा फडफडला म्हणता की शेजारच्या बोटीवाल्यांनी आपलेही बावटे उतरवले आणि आतिफाचे घर विचारत आले.

तरी सुतार आलाच. आतिफा पायडलवर पाय रोवून बसली.

"आपा, उठ ना, माप घ्यायचंय," मुआज म्हणाला.

"बावटा फडकला. आता माप कसलं?"

"अगं, मी काच सांगून बसलोय." मग त्याने काखेतली भलीमोठी छत्री हळूच पुढे केली. "आणि कॅफेची ही छत्री वाऱ्यानं फाटली. उठायच्या आधी एवढी टीप मारून दे."

"काच बसव, मग काचेवर मारते."

सुतार खो खो हसत परत गेला. मुआज कान खाजवत उभा राहिला. मग माझ्यापाशी उकिडवा बसून त्याने विचारले, "आपा, हिचं तेल कुठं ठेवतेस?"

मित्रांनो, तुमच्याही घरात माझी एखादी बहीण कपड्यांखाली दबलेली असेल. तिची कीव करू नका, तिला शोभेलाही ठेवू नका. तेल घाला, चाक फिरवा आणि तिच्यापुढे फाटलेले काहीतरी आणून टाका.