लेकरू मधी पायजे

सोलापुरात नव्या पेठेत, भांड्यांच्या दुकानावरच्या माळ्यावर माझा क्लास आहे. पाटीवर लिहिलंय, 'तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी – सयाजी सर'. बावीस वर्षांत तीस दिवसांत कुणी फाडफाड बोलल्याचं मी पाहिलेलं नाही. खरं तर घरात इंग्रजी बोलणाऱ्या एकाही माणसाशी मी स्वतः कधी बोललो नव्हतो. पण व्याकरण पक्कं होतं आणि आवाज मोठा होता. शिक्षकाला तेवढं पुरतं.

मागच्या एप्रिलात केराबाई आल्या. मंद्रूपच्या, मेंढरं राखणाऱ्या घरातल्या, पन्नाशीच्या. जिना चढून आल्या, पंख्याखालच्या बाकावरच्या दोन कॉलेजच्या पोरांना हातानंच सरकवलं आणि बसल्या.

"दोन म्हैन्यांत शिकवा," म्हणाल्या. "जूनमधी जायाचंय."

त्यांची मुलगी प्रियंका आयर्लंडात नर्स होती. तिथल्याच डेक्लन नावाच्या सहकाऱ्याशी तिनं लग्न केलं होतं, आणि आता चार महिन्यांचा मुलगा होता. त्याचं नाव तिकडचं काहीतरी होतं, केराबाई त्याला सिद्धाप्पा म्हणायच्या. जूनमध्ये प्रियंकाची रजा संपणार होती, म्हणून आई तीन महिने तिकडं जाणार होती. जावयाची रात्रपाळी, म्हणून दिवसभर घरात तिघंच असणार होते – केराबाई, जावई आणि सिद्धाप्पा.

मी माझ्या पद्धतीनं सुरुवात केली. गाय हा पाळीव प्राणी आहे. सूर्य पूर्वेला उगवतो. केराबाईंनी चार दिवस ऐकून घेतलं. पाचव्या दिवशी वही काढली.

"सर, गाय पाळीव हाय हे जावयाला ठावं असंल की. तो बोलतोय ते सांगा."

व्हिडिओ कॉलवर जावई जे काही बोलायचा ते त्यांनी मराठी अक्षरांत उतरून घेतलं होतं. चौथीपर्यंत शिकलेल्या होत्या, अक्षर माझ्यापेक्षा बरं. पिक हिम अप. टर्न हिम ओव्हर. टेक इट ऑफ. लुक आफ्टर हिम. पुट हिम डाऊन.

आमचं पुस्तक अशा वाक्यांना हात लावत नव्हतं. पण फळ्यासमोर उभं राहून 'माहीत नाही' म्हणायची मला सवय नव्हती. मी म्हणालो, "सोपं आहे. लुक म्हणजे पाहणे, आफ्टर म्हणजे नंतर. त्याला नंतर बघा."

"नंतर कशापायी? रडाय लागल्यावर आत्ताच बघाय पायजे की."

"शिवाय हे 'पिक हिम अप' तुम्ही चुकीचं उतरवलंय. पिक अप हे क्रियापद. कर्म त्याच्या पुढं येतं. पिक अप हिम."

"जावई तर रोज हिम मधी घालतोय."

"बोलण्यात चूक होते माणसाची," मी म्हणालो. जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्या माणसाची चूक मी नव्या पेठेतून काढत होतो. वर्गातली पोरंही माना डोलावत होती.

शेवटच्या वाक्यासाठी मात्र मी जाडा शब्दकोश उघडला. 'पुट डाऊन'चे तीन अर्थ दिले होते. दडपणे. अपमान करणे. आणि तिसरा, आजारी किंवा म्हातारं जनावर मारून टाकणे. मी तिन्ही मोठ्यानं वाचले. वाचून झाल्यावर कळलं, की तिसरा गिळायला हवा होता.

केराबाई उठून उभ्या राहिल्या. "काल लेकरू रडत हुतं. प्रियंकानं घेतल्यालं. तवा बोलला तो. पुट हिम डाऊन. दोनदा बोलला."

"अहो, तसा अर्थ नसेल..."

"पुस्तकात हाय न्हवं? तुमीच वाचलंय न्हवं?"

त्यांनी फोन लावला. प्रियंकानं उचलला नाही. मग थेट जावयालाच व्हिडिओ कॉल लावला. आमच्याकडं संध्याकाळचे सहा वाजले होते, तिकडं दुपार होती. पडद्यावर लालसर दाढीचा, झोप न झालेला माणूस आला. खांद्यावर सिद्धाप्पा.

केराबाई गरजल्या, "यू! नो पुट हिम डाऊन! यू पुट हिम डाऊन, आय पुट यू डाऊन!"

खालच्या दुकानात भांड्यांचा आवाज थांबला. मी पोरांच्या मागं जाऊन उभा राहिलो. पाच दिवसांत माझ्या एका विद्यार्थिनीनं न अडखळता धमकी दिली होती आणि मला अभिमान वाटावा की पळून जावं, कळेना.

डेक्लन बिचारा आधी घाबरला, मग त्याला काहीतरी उमगलं असावं. त्यानं फोन कपाटाला टेकवून ठेवला. पोराला दोन्ही हातांत धरलं, उंच उचललं आणि म्हणाला, "पिक हिम अप." मग पाळण्यापाशी गेला, अलगद पाठीवर निजवलं, पांघरूण घातलं आणि कुजबुजला, "पुट हिम डाऊन." पोरगं पाय झाडत हसलं.

केराबाई खाली बसल्या. पदरानं तोंड पुसलं. त्यांना रडू येत होतं, पण पोरांसमोर त्यांनी ते येऊ दिलं नाही. जावयाला एवढंच म्हणाल्या, "गुड बॉय." हे मी शिकवलेलं नव्हतं.

फोन ठेवल्यावर त्या माझ्याकडं वळल्या. मी शिव्या खायची तयारी ठेवली होती. पण त्या विचारात होत्या.

"सर, तुमी पोराला म्हंता ना, भाकरी खाऊन टाक. मग पोरगं खातंय आन फेकून देतंय व्हय?"

"नाही."

"येऊन जा म्हंता. बसून घे म्हंता. त्यात कुणी काय घेतंय? तसंच हाय हे. ह्यो अप आन डाऊन म्हंजी आपलं टाक आन घे. एकेक शबुद सुटा करून बघितला की घोटाळा."

एमएला दोन वर्षं घालवली, तिथं मला हे कुणी सांगितलं नव्हतं. तरी शेवटचा डाव म्हणून विचारलं, "मग 'हिम' मध्ये का?"

"लेकरू मधीच पायजे की. हिकडनं एक हात, तिकडनं एक हात. भायेर ठेवलं तर पडंल."

पोरं हसली. मी नाही हसलो. "मग 'लुक आफ्टर हिम'मध्ये 'हिम' शेवटी कसं? तिथं नाही पडत?"

केराबाईंनी वहीत बघितलं. ओठ हलवत दोन-तीनदा वाक्य म्हटलं. "हितं आफ्टर आन हिमची जोडी हाय. त्याच्या मागं. लेकरू म्होरं रांगतंय, आपून त्याच्या मागं मागं बघत फिरायचं. ही जोडी फोडायची न्हाय."

त्या रात्री मी पाच पुस्तकं पालथी घातली. त्यांनी म्हटलं होतं तेच तिथं अर्ध्या पानाच्या बोजड शब्दांत होतं, फक्त लेकरू नव्हतं. दुसऱ्या दिवशी फळ्यावरची गाय पुसली. दोन महिने आम्ही केराबाईंची वही शिकलो. मी बाहुली आणली. एमआयडीसीत नोकरी शोधणारी मिशीवाली पोरं ओळीनं बाहुलीला उचलत होती, निजवत होती, तिचं झबलं काढत होती. केराबाई चुका काढत होत्या.

जूनमध्ये त्या गेल्या. पोचल्यावर मला व्हॉट्सअॅपवर आवाजात निरोप पाठवला. विमानतळावरच्या साहेबानं विचारलं होतं, हू इज पिकिंग यू अप? "मी म्हटलं, नो पिक मी अप. आय सेव्हन्टी किलो. आय वॉक. लई हसला ओ तो. शिक्का मारला आन जाऊ दिलं. भायेर आले तर जावई सिद्धाप्पाला घिऊन हुबा."

ऑगस्टात एका दुपारी जिन्यावर पावलं वाजली. डोक्याला फेटा, खांद्यावर घोंगडं. केराबाईंचे मालक जोतिराम. मेंढरं भावाकडं सोडून आले होते.

"बसा," मी म्हणालो. "तुम्हालाही आयर्लंडला जायचंय?"

"न्हाय ओ. ती रोज फोन करती आन मी बोलाय लागलो की शट अप म्हंती." ते बाकावर टेकले, इकडंतिकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "सर, ह्या शट अपमधी बायकू कुटं बसवायची?"

"मधोमध," मी म्हणालो. "पण बसवू नका."