चार बोटांची दशी

कामिनीने पॅराशूटचा तो काठ मोजायला घेतला तो फक्त त्याच्याजवळ ठेवायच्या पाटीवर लांबी लिहिण्यासाठी. फिजिक्समध्ये एमएस्सी झाल्यापासून ‘अंदाजे’ हा शब्द तिला कुठेच चालत नसे, आणि उद्या इंग्लंडहून येणाऱ्या पाहुणीसमोर तर मुळीच नाही. मनीषनगरच्या त्यांच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये तिने तो वीसेक मीटरचा शिवलेला काठ नागमोडी पसरला. त्याला दोरांचे चोवीस तुकडे लोंबत होते.

गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. १९४४ साली, उमरेडपासून दोन कोसांवर, दोन इंजिनांचं एक हलकं बॉम्बफेकी विमान धानाच्या बांधीत कोसळलं. जळून त्याचा सांगाडा उरला, पण त्याआधी आतल्या तिघांनीही उड्या मारल्या होत्या आणि तिघंही जगले. दोघं शेतात उतरून पायी उमरेडला पोचले. तिसरा, हॅलम नावाचा, आंब्याला अडकून लटकला. कामिनीचे पणजोबा रामाजी हातमागावर विणायचे. त्यांनी म्हणे झाडावर चढून दोर कापले, त्याला खांद्यावर घेऊन उतरवलं आणि बैलबंडीत घालून दवाखान्यात नेलं. गोऱ्या साहेबाने खूश होऊन पॅराशूटचं रेशीम त्यांना बक्षीस दिलं. ते उसवून त्यांनी लुगड्यांचे काठ विणले. जाड शिलाईचा घेर तेवढा उसवला गेला नाही, म्हणून पेटीत राहिला.

गेल्या वर्षी कामिनीने ही गोष्ट फोटोंसकट इंटरनेटवर टाकली. हॅलमच्या नातीचं, रूथचं, पत्र आलं: ‘आजोबा जन्मभर लंगडले. पण ते सांगायचे, दोर कापताना वरचा माणूस काहीतरी पुटपुटत होता. एका परक्यासाठी तो प्रार्थना करत होता. त्याच्या घरच्यांना मला भेटायचं आहे.’ हे पत्र कामिनीने किती जणांना दाखवलं, त्याचा हिशेब नव्हता.

पहिला तुकडा सात पूर्णांक दोन सेंटिमीटर भरला. दुसरा सात पूर्णांक एक. पाचवा सात पूर्णांक तीन. बाराव्यापाशी ती थांबली.

माणसाला सोडवायचं तर दोर त्याच्या खांद्यापाशी कापतात. मग कापडाकडे लांबच लांब दोर उरले असते, आणि घाईत कापल्यामुळे लहानमोठे. हे कापडाच्या कडेला, एकसारखे कापलेले होते. म्हणजे बाकीचा सगळा दोर लटकणाऱ्या माणसासकट खाली पडला.

“काय मोजून राहिली वं एवढं?” बाबांनी, भूपेशरावांनी, पाहुणीसाठी आणलेल्या शालीची घडी नीट करत विचारलं. “विमान उडवतं का पुन्हा?”

ती टेप घेऊन आतल्या खोलीत गेली. तिथे रुख्माबाई, रामाजींची लेक आणि बाबांची आत्या, पलंगावर बसून लसूण सोलत होती. नव्वदीची, पण बोटं अजून कोष्ट्याच्या घरची, चपळ.

“आजी, कापड मागावरून उतरवताना सूत कुठं कापायचं?”

म्हातारीने चार बोटं जोडून दाखवली. “एवढी सुताची दशी सोडून. काठाले हत्यार लागू नाही द्याचं.” मग तिची नजर कामिनीच्या हातातल्या टेपवर गेली आणि बोटं खाली आली.

“तू होतीस ना तिथं, झाडाखाली?”

“होती. नऊ वर्साची. बाले भाकर घेऊन गेली होती.” तिने हातातली लसणाची पाकळी खाली ठेवली. “लढाईमुळे सूत भेटत नव्हतं. दोन महिने माग बंद होता. बाले झाडावर कापड दिसलं पोरी, माणूस मागून दिसला. बा मोजत होता. एक, दोन, तीन. एकही दोर ओढून कापड फाटू नये म्हणून. पाचसहा राह्यले तवा तो गोरा कण्हला. मी म्हटलं, बा, जित्ता आहे. बानं ऐकलं. पण मोजणं नाही थांबवलं.”

“आणि तो पडला.”

“कंबरेतून मोडला. बानं पह्यले कापडाचं गठुडं घरी टाकलं, मग बंडी आणली. आणली मात्र. नाही तर तो मेला असता.”

बाबा दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

“उद्या मोहल्ला जमून राहिला,” ते हळू आवाजात म्हणाले. “तूच तर जगाले सांगितलं कामिनी. आता काय सांगशीन? आमच्या आजानं कापडासाठी माणूस पाडला म्हणून? जीव तर वाचला ना त्याचा!”

 कामिनीचे कान गरम झाले. काठ तर वर्षभर तिच्याच कपाटात होता. फोटो काढले, वजन केलं, रेशमाचा एक धागा जाळून त्याचा वास घेतला. दोर मोजायची गरज तिला वाटली नाही. गोष्ट छान होती ना.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, रूथ आली. पन्नाशीतली, उंच, सुती कुर्ता घातलेली. हॉल शेजाऱ्यांनी भरलेला. तिने काठ दोन्ही हातांत घेतला आणि इंग्रजीत विचारलं, “त्यांनी नेमकं कसं वाचवलं?”

सगळ्यांनी कामिनीकडे पाहिलं. बाबांनीही.

“पणजोबा झाडावर चढले,” ती इंग्रजीत म्हणाली. “त्यांनी दोर कापले. मग बंडीतून दवाखान्यात नेलं.”

यातला शब्द न् शब्द खरा होता. तिने काल रात्रीपासून तो तसा बसवला होता.

रूथचे डोळे भरले. ती उठली आणि कुणीतरी शिकवल्यासारखी रुख्माबाईच्या पायांशी वाकली. म्हातारीने चटका बसावा तसे पाय ओढून घेतले.

“नाही वं माय, मले नको.” मग कामिनीकडे वळून, “काहून अर्धं सांगतं वं तिले? मले इंग्रजी नाही येत, पण तुहं बोलणं लवकर सरलं. पूर्ण सांग.”

बाबांनी मान खाली घातली. कामिनीने सांगितलं. काठावर चार बोटं ठेवून, एकेक दोर दाखवत. आवाज दोनदा अडकला. शेजाऱ्यांना इंग्रजी फारसं समजत नव्हतं, तरी सगळे काठाकडे पाहू लागले.

रूथने दशांवरून अंगठा फिरवला.

“म्हणजे ती प्रार्थना नव्हती?”

“नाही. ते मोजत होते.”

तिने काठ जपून टीपॉयवर ठेवला. चहा अर्धा घेतला. म्हातारीचा हात क्षणभर हातात धरला आणि टॅक्सी बोलावली. बाबांनी दिलेली शाल तिने नेली नाही. ती विसरली की ठेवली, हे कुणी विचारलं नाही.

माणसं गेल्यावर बाबांनी काठ गुंडाळून पेटीत टाकला. कामिनी पाटी घेऊन उभी होती. वर छापलं होतं: ‘एक जीव वाचवताना कापलेले दोर.’ खाली लांबीसाठी जागा सोडलेली होती. पणजोबांनी मोजणं थांबवलं नव्हतं, हे एकवेळ तिला समजत होतं. माग दोन महिने रिकामा होता. पण रूथसमोर ती अर्धी वाक्यं बोलताना तिचा स्वतःचा आवाज एकदाही अडकला नव्हता.