घरात एक माणूस जास्त

घरभाड्याची सरकारी मदत मागायला नगरपालिकेत गेले, त्या मंगळवारी मला कळलं की आमच्या घरात एक परका पुरुष राहतो.

"तीन माणसं," खिडकीमागची बाई संगणकात बघत म्हणाली. "तुम्ही, तुमचे यजमान फेर्मिन आणि एलादिओ कुएन्का."

"तिसरं अजून यायचंय," मी पोटावर हात ठेवून म्हटलं. सातवा सरत आला होता. "आणि त्याचं नाव मी मेले तरी एलादिओ ठेवणार नाही."

"पोटातली धरत नाहीत. जन्मलेलीच धरतात. एलादिओ कुएन्का, जन्म एकोणीसशे सदतीस. तुमच्याच पत्त्यावर आहेत, त्र्याहत्तर सालापासून."

त्र्याहत्तर साली माझी आई दुधाच्या दातांची होती. मी त्या बाईला सांगितलं की आमचं घर म्हणजे दीड खोली आहे, फेर्मिन कुशीवर वळला तर मला उठून बसावं लागतं, तिथे शहाऐंशी वर्षांचा म्हातारा लपून राहिला असता तर निदान खोकल्यावरून तरी कळलं असतं. ती हसली नाही. नगरपालिकेत हसण्याची वेळ बहुधा अकरा ते बारा असावी.

गोष्ट अशी होती. कोणत्या घरात कोण राहतं याची नोंदवही नगरपालिका ठेवते. मदतीचा अर्ज करताना त्या वहीत जेवढी नावं, तेवढ्यांची कमाई एकत्र धरतात. माझी केस कापण्याची आणि फेर्मिनची हॉटेलात ताटल्या वाहण्याची कमाई मिळून आम्ही मदतीला अगदी लायक गरीब होतो. पण एलादिओ गोदीतून निवृत्त झालेला, पेन्शन भरभक्कम. तो धरला की आम्ही एकदम सुखवस्तू.

"म्हणजे जो घरात नाही तो धरायचा, आणि जी सकाळपासून बरगडीत लाथा मारतेय ती नाही?"

"बरोबर," बाई म्हणाली. तिला वाटलं मला आता समजलं.

नाव काढायचे दोन मार्ग होते. एक, 'चुकीची नोंद' म्हणून तक्रार करायची. मग चौकशी होणार, मग एलादिओला पत्र जाणार. कुठल्या पत्त्यावर? माझ्या. तो उत्तर देतो का, याची वाट बघणार. सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात. माझ्याकडे दोन होते. आणि अर्जाची मुदत शुक्रवारी दुपारी दोनला संपत होती. दुसरा मार्ग, एलादिओनं स्वतः सही करून लिहून द्यायचं की मी आता दुसरीकडे राहतो. मग नाव तिथल्या तिथे निघतं.

मदत अडीचशे युरोची होती, दोन वर्षं दर महिन्याला. घरमालकिणीनं नाताळानंतर भाडं वाढवलं होतं, आणि मदत मिळाली नाही तर आम्हाला घर सोडून फेर्मिनच्या आईकडे डोंगरातल्या गावात जावं लागणार होतं. सासूबाईंनी खोली रिकामी करून ठेवली होती. पाळणा मांडला होता. भिंतीवर देवमातेची एवढी मोठी तसबीर लावली होती की रात्री डोळे उघडले तर बाळ आपसूक धार्मिक होईल. "गावची हवा बाळाला चांगली," असं त्या रोज फोनवर म्हणायच्या. त्या गावात एकूण एकशे वीस डोकी, त्यांतली निम्मी टकली. मी केस कोणाचे कापायचे?

घरी येऊन फेर्मिनला सांगितलं. तो भाकरीचा तुकडा तेलात बुडवत होता.

"मग निम्मं भाडं तरी देईल का विचार त्याला," तो म्हणाला.

"फेर्मिन, मी तुझ्या आईच्या घरी जाणार नाही."

"मी तरी कुठे जातोय? अठरा वर्षं लागली मला तिथून निघायला."

घरमालकिणीकडून उलगडा झाला. एलादिओ आमच्या आधीचा भाडेकरू. पन्नास वर्षं त्याच घरात. दोन वर्षांपूर्वी न्हाणीघरात पडला, खुब्याचं हाड मोडलं, मुलीनं वृद्धाश्रमात ठेवलं आणि किल्ल्या परत केल्या. नाव काढायचं राहून गेलं. "अगं, गरीब बिचारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात," मालकीण म्हणाली. माझ्या मात्र तो चांगलाच मध्यात होता.

मी त्याच दुपारी नगरपालिकेत फोन करून हे सांगितलं; बाई म्हणाली, सही आणा. एलादिओच्या मुलीचं नाव मिलाग्रोस. फोनवर तिचा आवाज आधीच दमलेला होता.

"सही ते करणार नाहीत हो. मी तीनदा प्रयत्न केला. म्हणतात, मी इथे राहतो असं लिहून दिलं की तुम्ही मला इथेच पुरणार."

"मी विचारून बघू का?"

"बघा. पण एक सांगते, घर गेलंय हे त्यांना माहीत नाही. त्यांना वाटतं बंद आहे, वाट बघतंय. मी दर रविवारी जाऊन खिडक्या उघडते, असं सांगितलंय आम्ही. उन्हाळा संपला की घरी नेणार, असंही. तुम्ही तिथे राहता हे बोलू नका. नगरपालिकेतून आले म्हणा."

"आणि कागद कशाचा म्हणून सांगू?"

"लशीचा सांगा," मिलाग्रोस म्हणाली, आणि रडायला लागली. मी म्हटलं, कधी केस कापायचे असतील तर या, पैसे घेणार नाही.

गुरुवारी लेवांते सुटलेला. हा वारा असला की आमच्या शहरात माणसं एकमेकांशी उगीच भांडतात आणि न्यायाधीशसुद्धा समजून घेतात. बस भरलेली, पाय सुजलेले, बसायला जागा दिली ती एका नव्वदीच्या बाईनं. फेर्मिनचं इस्त्रीचं जाकीट मी अंगावर चढवलं होतं, नगरपालिकेची वाटावी म्हणून. बटण मात्र एकही लागत नव्हतं.

एलादिओ वृद्धाश्रमाच्या व्हरांड्यात काठी घेऊन बसला होता. पहिलं काय दिसलं असेल तर केस. कोणीतरी यंत्र फिरवून सरळ भादरलं होतं, कानामागे दोन ठिकाणी राहून गेलेलं. धंद्याचा माणूस असं बघू शकत नाही. मी नजर वळवली.

"नमस्कार आजोबा. मी नगरपालिकेतून आले."

त्यानं आधी पोट बघितलं, मग जाकीट, मग पुन्हा पोट.

"आता एवढ्या दिवसांच्या बायका पाठवतात?"

"माणसं कमी आहेत."

"बस. नाहीतर इथेच बाळंत होशील, आणि इथल्या नर्सना फक्त उलट दिशेचं काम येतं."

मी बसले. कागद काढला. म्हटलं, एक साधी सही हवी आहे, नोंदी अद्ययावत करायच्या आहेत. लशीचं मात्र माझ्या तोंडातून निघेना.

"माझ्या मुलीनं पाठवलं तुला."

"नाही हो."

"ती हल्ली मला सगळं हळू आवाजात सांगते. खरं बोलणारा माणूस ओरडतो." त्यानं कागद डोळ्यांजवळ धरला आणि परत माझ्या मांडीवर ठेवला. "मी इथे राहत नाही. मी इथे थांबलोय. घर आहे माझं सान रोमान गल्लीत, दुसरा मजला. लिहून घे."

"लिहिलेलंच आहे," मी म्हटलं. माझ्याइतकं ते आणखी कोणाला माहीत असणार?

मग तो घराबद्दल बोलायला लागला. समोरच्या बेकरीचा वास पहाटे पाचला येतो का अजून. वरची बाई सतराच्या सतरा कुंड्यांना पाणी घालून ते खाली आपल्या धुण्यावर सोडते का. मी "हं, हं" करत होते, नगरपालिका करते तसं. आत पोरगी ढुशा मारत होती, वारा दारं आपटत होता, आणि माझ्या डोक्यात उद्याचे दोन वाजत होते.

"मिलाग्रोसला एक निरोप दे," तो म्हणाला. "झोपायच्या खोलीतल्या खिडकीचं शटर मी निम्म्यावर ठेवून आलोय. पलंगावरची चादर उन्हानं विटेल. म्हणावं, पट्टा ओढून खाली घे."

"पट्टा ओढून ते कुठलं खाली येतंय!" मी म्हटलं. "वरच्या पेटीला बुक्की मारावी लागते! आणि एकदा खाली आलं की मेलं वर जात नाही, रोज सकाळी माझी अर्धी—"

मी तोंड मिटलं. पण फार उशिरा मिटलं.

व्हरांड्यात आणखी चारपाच म्हातारे होते, तेही बोलायचे थांबल्यासारखे वाटले. एलादिओ माझ्याकडे बघत राहिला. रागानं नाही. मी कुठे मारते ते जणू त्याला दिसत होतं.

"उजव्या अंगाला मारायची," तो शेवटी म्हणाला. "डावीकडे मारली की अडकतं."

"मी डावीकडे मारते."

"किती दिवस?"

"दीड वर्ष."

त्यानं मान हलवली. काठीवरचे हात वरखाली केले.

"आणि पलंग?"

इथे खोटं बोलता आलं असतं. मिलाग्रोसनं तेच सांगितलं होतं, आणि तिला त्यातलं माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. पण सगळीकडे ते एकच चाललं होतं. वही खोटी, रविवार खोटे, माझं जाकीट खोटं. मला त्याचा एकदम वीट आला.

"पलंग मालकिणीनं कचऱ्याच्या गाडीत दिला," मी म्हटलं. "खोलीला आम्ही रंग दिला. घरात मी राहते, माझा नवरा राहतो आणि ही येणार आहे. तुमचं नाव निघालं तर भाड्याची मदत मिळेल, नाहीतर आम्हालाही घर सोडावं लागेल. मी नगरपालिकेची नाही. मी केस कापते."

"ते दिसलंच. आल्यापासून माझ्या कानाकडे बघतेस." त्यानं काठी भिंतीला टेकवली. "मी परत जाणार आहे का?"

"नाही, आजोबा."

मला माझीच भयंकर लाज वाटली. माझा बाप असता तर त्याला कोणी असं अडीचशे युरोंसाठी सांगितलेलं मला खपलं असतं का? सांगणारीचे मी केस उपटले असते. मी कागद घडी करून पिशवीत ठेवायला लागले. म्हटलं, जाऊ दे, सासूबाईंचा पाळणा तर पाळणा.

"दे इकडे," एलादिओ म्हणाला.

"राहू दे हो."

"दे म्हणतो ना. दोन वर्षं सगळे मला सांगतात, उन्हाळा संपला की. कोणता उन्हाळा, ते कोणी बोलत नाही. मी काय खुळा आहे? मी नुसता विचारत नव्हतो, कारण विचारलं असतं तर मिलाग्रोस रडली असती." त्यानं हात पुढे केला. "तू खोटं बोलायला आलीस आणि तुला तेही धड जमलं नाही. पेन आहे का, की तेही मीच द्यायचं?"

पेन होतं. त्यानं सही करायला एवढा वेळ लावला की मला वाटलं झोप लागली. सहीच्या वर एक रकाना होता: नव्या पत्त्यावर केव्हापासून राहता. मी हळूच म्हटलं, दोन वर्षांपूर्वीचा मार्च लिहा, मिलाग्रोसनं तारीख दिली आहे.

त्यानं भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं आणि त्या दिवसाची तारीख लिहिली.

"आजोबा, ही आजची आहे."

"ठाऊक आहे," तो म्हणाला. "आता जा. वाऱ्यात फार हिंडू नकोस."

शुक्रवारी सव्वाएकला मी खिडकीसमोर होते. तीच बाई. तिनं कागद उलटसुलट केला, संगणकात बघितलं आणि बोट त्या रकान्यावर ठेवलं.

"ही तारीख कालची आहे. ते दोन वर्षं वृद्धाश्रमात आहेत असं तुम्हीच मंगळवारी फोन करून सांगितलं होतंत ना? म्हणजे कालपर्यंत ते तुमच्याकडेच राहत होते?"

रांगेतल्या माणसांनी माझ्याकडे बघितलं. पोटातलीही त्या क्षणी गप्प होती.

"हो," मी म्हटलं. "कालपर्यंत राहत होते."

तिनं खांदे उडवले, नाव पुसलं आणि अर्जावर लिहिलं: घरातली माणसं, दोन.