भस्म लावलेला राउटर

मी भिंतीतल्या देवळीतून बोलतोय. डोक्यावर दोन शिंगं, अंगावर लुकलुकते हिरवे दिवे. होय, राउटरच! हसू नका, शिरूर अनंतपाळच्या मलप्पांच्या घरात माझा मान देवाच्या खालोखाल आहे. तो कसा मिळाला, ते ऐका.

जन्म कुठल्या कारखान्यात झाला, देव जाणे. लातूरच्या दुकानातून मलप्पांनी मला एसटीत मांडीवर बसवून आणलं. त्यांच्या लेकीनं, शिवकन्येनं, मला जोडलं आणि गोठ्यात कॅमेरा लावला. तिथं तिची लाडकी देवणी गाय, चंद्री. पुढं शिवकन्या लग्न होऊन नांदेडला गेली, पण रोज फोनवर चंद्रीला बघितल्याशिवाय तिला चहा गोड लागत नसे.

त्यात माझं काम असं. लाइट जाऊन आली की इंटरनेटची कंपनी मला नवा पत्ता देते, नुसते आकडेच आकडे. ते कोण पाठ करणार? म्हणून शिवकन्येनं एका फुकटच्या सेवेत ‘चंद्रीचा गोठा’ हे नाव घेतलं. पत्ता बदलला की मी तिथं वर्दी द्यायची. मग तिनं नाव टाकलं की गोठा हजर!

यंदा शिवकन्येला दिवस गेले. बाळंतपणाला माहेरी यायचं ठरलेलं, तर डॉक्टरनं प्रवासालाच मनाई केली. इकडं चंद्रीही गाभण. "मला येता न्हाई आलं, तिचं पहिलं वेत तरी डोळ्यानं बघीन," म्हणून पोरगी अंथरुणावर पडून वाट बघत होती.

आणि नेमकी चंद्री विण्याच्या कळांनी उठबस करायला लागली त्याच सकाळी लाइट गेली, आली, आणि नांदेडला गोठा दिसेना. खरं तर वर्दी पोचायला पाचेक मिनिटं लागतात. पण मलप्पांना धीर कुठला! त्यांना एकच इलाज ठाऊक, बटण बंद, बटण चालू. मी उठायचो, नवा पत्ता घ्यायचो, वर्दी द्यायचो, तोवर परत बंद! अहो, जरा दम तरी खाऊ द्या! इतक्या वर्द्या बघून त्या सेवेला मी कुणी भामटाच वाटलो. तिनं नावच अडकवून ठेवलं.

फोनवर शिवकन्या रडकुंडीला आली. "अप्पा, तुमी किती येळा बंद-चालू करून राहिलात?"

"लई न्हाई गं. दिसंना की करतो."

शिवकन्येनं त्या सेवेतलं आपलं खातं उघडलं. पत्ता फार वेळा बदलला म्हणून नाव थांबवलंय, असं तिथं लिहिलेलंच होतं. "अप्पा, मी नाव सोडवते. आता बटणाला हात लावू नका!"

"हाव," म्हणाले मलप्पा, आणि हात बटणाकडं गेलाच.

गंगम्मा, त्यांची बायको, गोठ्यात न्यायला गरम पाणी घेऊन निघाली होती. तिनं बादली ठेवली, देवापुढचं भस्म घेतलं आणि माझ्या कपाळावर तीन बोटं ओढली. "आता लावा हात!"

मलप्पा रोज लिंगपूजा करणारे. भस्म लावलेल्या वस्तूचं बटण कसं दाबणार? त्यांनी फोन स्पीकरवर टाकून माझ्याशेजारी ठेवला, हात मागं बांधले आणि माझ्यावर पहारा देत उभे राहिले. तिकडं शिवकन्येनं नाव सोडवलं, इकडं मी मघाच्या बंद-चालूतून सावकाश उठलो, वर्दी दिली.

"दिसलं, अप्पा! दिसलं!"

मग बराच वेळ गेला. आणि एकदम किंचाळी, "अप्पा, कालवड झाली! उभं राहायला बघतीय, अप्पा!"

बघा गंमत! कालवड झाली भिंतीपलीकडं आणि खबर आली नांदेडहून. मलप्पांनी मला हात जोडले आणि धोतर सावरत गोठ्याकडं पळाले. फोन माझ्यापाशीच राहिला. त्यातून शिवकन्या हसत होती, रडत होती, आणि ते ऐकायला मी एकटाच होतो. मलाही भरून आलं हो.

तेव्हापासून मला रोज भस्म लागतं. ते माझ्या भोकांत जातं, पण तक्रार नाही. तुमच्याकडचा माझा भाऊ अडला, तर एकदा खुशाल बंद-चालू करा. मग मात्र जरा थांबा. तो कामातच असतो.

आता थोड्याच दिवसांत नांदेडला पाळणा हलेल. तो कॅमेऱ्यातून बघायची पाळी मलप्पांची. हात मागं बांधून उभं राहायची सवय ते आत्तापासूनच करून राहिलेत.